मालवणची स्वारी
आलेपाकाचा वास आला की मला ग्रीसमधली ती शिडाची बोट आठवते. कुवेतहून आम्ही दोघं मोजक्या लोकांबरोबर तिथली बेटं फिरायला गेलो होतो. नवरा मालवणचा, मी लातूरची. ‘समुद्र म्हणजे काय ते आता बघशील,’ हे विमानातच ऐकवून झालं होतं. पहिल्याच मोठ्या लाटेला स्वारी कठड्यावर ओणवी झाली. शिडं आवरायला जाताना कप्तानाने सुकाणू माझ्याकडे दिलं. एका हाताने ते धरून दुसऱ्याने मी पर्समधली आलेपाकाची वडी नवऱ्यापुढे केली. ‘आईला सांगू नकोस हं,’ तो कण्हत म्हणाला. सासूबाईंना मी अजून सांगितलेलं नाही. आजही कुवेतमध्ये महबूल्याच्या किनाऱ्यावर तो पाहुण्यांना समुद्र समजावायला लागला, की मी वड्यांचा डबा उघडते, आणि तो मुकाट्याने एक उचलतो.