उन्हात ठेवलेले सेल

मी सोलापूर सोडलं त्या दुपारी दारात रिक्षा उभी होती, आईने माझ्या हातावर दही ठेवलं होतं, आणि अण्णा गच्चीवर सेल तापवत बसले होते.

जे अजून सोलापुरात आहेत त्यांना यात काही विचित्र वाटणार नाही. माझ्यासारखे जे बाहेर पडले आणि आता भिंतीत वायर खुपसून सगळं चार्ज करतात, त्यांच्यासाठी थोडं सांगते.

अण्णांचं पंपाच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. मंगळवेढ्याकडचे शेतकरी जळक्या मोटारी घेऊन यायचे. एका फोटो स्टुडिओवाल्या गिऱ्हाइकाकडून अण्णांनी त्याचा जुना डिजिटल कॅमेरा घेतला. चंदेरी रंगाचा, साबणाच्या वडीएवढा जाड आणि चार पेन्सिल सेल खाणारा. मागचा पडदा बंद पडलेला, त्यामुळे फोटो वायरीने कॉम्प्युटरला जोडल्यावरच दिसायचे. खाणारा म्हणजे अक्षरशः. साधे सेल घातले की पाच-सहा फोटोंत मान टाकायचा. मग अण्णा ते सेल काढून गच्चीच्या कठड्यावर, आईच्या सांडग्यांशेजारी ठेवायचे. आपलं ऊन तुम्हाला माहीतच आहे. अर्ध्या तासात सेल चटका बसेल इतके तापायचे आणि कॅमेऱ्यात घातले की एक फोटो निघायचा. एकच. त्यामुळे आमच्याकडे फोटो काढणं म्हणजे मोठं काम असे. सगळ्यांनी आधी उभं राहून घ्यायचं, डोळे मिटायचे नाहीत, शिंक आली तर गिळायची.

फोटो निघाला की अण्णा लगेच सेल बाहेर काढायचे. "पाझरत्यात. आतलं मशीन खाऊन टाकत्यात," असं रेडिओ आणि बॅटरीच्या अनुभवावरून त्यांचं ठाम मत. सेल निघाले की कॅमेरा तारीख विसरायचा. त्यामुळे आमच्या घरातल्या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात पिवळ्या अक्षरांत एक जानेवारीच आहे. भावाची मुंज, शेजारच्या शेळीला झालेली पिल्लं, माझा कॉलेजचा निकाल, सगळं एक जानेवारीला.

तर ती दुपार. मला स्वीडनमधल्या गोथेनबर्गला नोकरी लागली होती. आठवडाभर अण्णांनी जा म्हटलं नव्हतं, जाऊ नको असंही म्हटलं नव्हतं. निघताना मात्र आम्हाला दारात उभं केलं, कॅमेरा डोळ्याला लावला आणि कॅमेऱ्याने मान टाकली.

"थांब जरा. सेल उन्हात ठिवतो. एक फोटू निघंल," म्हणत ते वर गेले.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. आई जिन्याखालून ओरडली, "अवो, गाडी चुकंल की तिची!"

वरून आवाज आला, "अजून गार हायत! निघा तुमी, म्या येतोच मागनं!"

एप्रिलच्या भर दुपारी सोलापुरात काहीतरी गार असू शकतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. रिक्षा निघाली. स्टेशनवर आई होती, भाऊ होता. गाडी हलेपर्यंत मी फाटकाकडे बघत होते. अण्णा आले नाहीत.

मला त्याचा फार राग आला होता. राग कसला, लागलंच मनाला. चार सेलांसाठी माणूस पोरीला निरोप द्यायला येत नाही! पोचल्यावर फोन केला तेव्हा अण्णा म्हणाले, "फोटू निघाला बरं का." मी म्हटलं, "बरं. आईला द्या." काही दिवसांनी त्यांनी विचारलं, "सुमे, ती क्यामेऱ्याची वायर गेली का गं तुझ्याबरुबर?" मी बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, "कसली वायर? नाही." पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. पुढे घरात मोबाइल आले, आणि कॅमेरा आईच्या स्टीलच्या डब्यात गेला.

बारा-तेरा वर्षं झाली. मी तीन-चारदा घरी जाऊन आले, अण्णांशी भरपूर बोलले, भांडलेसुद्धा, पण त्या दुपारचं कधीच विचारलं नाही.

इकडे ऑफिसात लिनेआ म्हणून एक तरुण मुलगी आहे. तिला जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांचं वेड. मोबाइलचे फोटो फार चकचकीत, म्हणते. शनिवारी मला लोप्पिसला, म्हणजे जुन्या बाजाराला, ओढून नेते. मीही दोन कॅमेरे घेतले आणि बघता बघता नादाला लागले. त्यांचे थोडे पिवळे, थोडे खरखरीत फोटो बघितले की घरची माणसं घरच्यासारखी दिसतात. जानेवारीत समुद्रकाठी थंडीने सेल बसले तेव्हा मी ते काढून काखेत धरले. पाच मिनिटांनी कॅमेऱ्यात घातले आणि एक फोटो निघाला. लिनेआने टाळ्या वाजवल्या. मला मात्र आमच्या गच्चीचा कठडा आठवला.

या दिवाळीला घरी गेले ती माझ्याकडच्या सगळ्या वायरींची पिशवी घेऊनच. आईने डबा उघडला. कॅमेरा एका फडक्यात, सेल वेगळे, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. पिशवीतल्या चपट्या टोकाच्या, इतकी वर्षं माझ्या ड्रॉवरमध्ये पडून असलेल्या वायरीचं टोक कॅमेऱ्यात खटकन बसलं. निघायच्या गडबडीत लॅपटॉपच्या चार्जरबरोबर मीच ती नेली होती. अण्णांनी विचारलं होतं, आणि मी नाही म्हटलं होतं.

नवे सेल घातले, लॅपटॉपवर फोटो येऊ लागले. आई कोपऱ्यातली तारीख वाचत म्हणाली, "सगळं एकाच दिशी झालं व्हय आपलं?" आम्ही हसत होतो. आणि शेवटचा फोटो आला.

गच्चीवरून काढलेला. खाली आमची गल्ली, वळणावर रिक्षा, आणि रिक्षातून बाहेर आलेला हिरव्या बाहीचा एक हात. माझा. मी त्या दिवशी वळणावर बाहेर घसरलेली आईची पिशवी आत ओढून घेतली होती, तेवढ्यातलाच तो क्षण. म्हणजे त्या उन्हाचा एकमेव फोटो अण्णांनी यावर खर्च केला होता. आणि तो बघायची वायर मी समुद्रापार ठेवून घेतली होती.

मी लॅपटॉप उचलून अण्णांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं.

"खाली का नाही आलात?" मी शेवटी विचारलं.

"सेल तापायला टाइम लागतो की," ते म्हणाले. मग फोटोवर बोट ठेवून, "रिक्षा पळत हुती. म्हनून हललाय जरा."

रिक्षा पळत होती, खरंच. पण त्या फोटोत समोरच्यांची भिंत हललीय. विजेचा खांब हललाय. कठड्यावरचे सांडगेसुद्धा हललेत. मी त्यांचा हात धरून बसले.

तो फोटो आता माझ्या गोथेनबर्गच्या टेबलावर आहे, एक जानेवारीसकट. फिकाला, म्हणजे कॉफीच्या सुट्टीत, कुणी ना कुणी विचारतं, हे काय? मी सांगते, माझं घर. परवा लिनेआने तो जवळ नेऊन बघितला. म्हणाली, सुंदर आहे, पण सगळाच हललाय की!

"रिक्षा पळत होती," मी म्हटलं.