मेलेल्या कॉम्प्रेसरचं दुखणं

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, चिनहटच्या एका कोल्ड स्टोरेजमधला कॉम्प्रेसर भंगारात गेल्यानंतर आजारी पडला. निदान माझं होतं. म्हणजे माझ्या सॉफ्टवेअरचं.

यंत्रांच्या थरथरीवरून ती कधी बिघडतील याचं गणित मांडायचं आणि त्याआधीच दुरुस्तीचा दिवस सुचवायचा, हा माझा धंदा. तिथे दोन कॉम्प्रेसर होते. म्हातारा विकला गेला, नवा अजून यायचा होता; तोवर सगळा गारवा एकट्या दुसऱ्याच्या जिवावर. आणि माझ्या स्क्रीनवर विकलेल्या म्हाताऱ्याची रेघ रोज थोडी वर चढत होती. खाली इशारा: बेअरिंग जातंय, थांबवा.

मी आनंदाने धावलो. असली भानगड मला मेजवानीसारखी.

म्हाताऱ्याच्या जागी काँक्रीटचा रिकामा ओटा होता. भंगारवाल्याने यंत्र उचललं, पण थरथर मोजणारी डबी ओट्यालाच चिकटून राहिली होती. तिचा हिरवा दिवा लुकलुकत होता. तिथला मिस्त्री त्या ओट्याकडे कधी पाठ करून बसत नसे.

"आत्मा है साहब. भाभीजी ने बेच दिया, बुरा मान गया."

मी हसलो आणि ओट्यावर तळहात ठेवला. काहीतरी कण्हत कोपरापर्यंत चढलं. हसू तिथेच राहिलं.

विश्वकर्मा पूजेला मालकीणबाईंनी, म्हणजे मिस्त्रीच्या भाभीजींनी, मला बोलावलं. चालता कॉम्प्रेसर आरतीपुरता थांबवला, टिळा लावला, हार घातला. मिस्त्रीने एक हार गुपचूप ओट्यावरही ठेवला. मी मोबाइल पाहत होतो. म्हाताऱ्याची रेघ सपाट झाली. आरती संपली, यंत्र सुरू झालं, आणि मेलेला पुन्हा कण्हू लागला.

त्या तापलेल्या खोलीत मी वाकून ओट्याच्या बुडाशी पाहिलं. दोघांच्या खालचा पाया एकच होता. दुखणं जिवंताचं होतं. नुकतीच दुरुस्ती झालेला म्हणून गणिताने त्याला नव्यासारखं धरलं होतं. म्हणून त्याच्यावर डबीच बसवली नव्हती.

"अभी के अभी खोलिए इसे," मी म्हणालो.

"पूजा के दिन चीरफाड़?" मिस्त्री म्हणाला. "वो भी मुर्दे के कहने पर?"

मालकीणबाईंनी गोदामाच्या दाराकडे पाहिलं. आत छतापर्यंत बटाट्यांची पोती होती. उघडून काही निघालं नाही, तर गारवा उगाच गेला. न उघडता यंत्र बसलं, तर सगळा माल सडला.

"आलू मेरे नहीं हैं भाईसाहब, गाँव वालों के हैं," त्या अखेर म्हणाल्या. "खोलो."

संध्याकाळी मिस्त्रीने बेअरिंग काढून त्यांच्यापुढे धरलं. आतून पार कुरतडल्यासारखं झालं होतं. मी कौतुकाची वाट पाहत उभा होतो, पण बाईंनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी डोक्यावर पदर घेतला, रिकाम्या ओट्याकडे वळल्या, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "खुद मर गया, फिर भी पड़ोसी की नाड़ी पकड़े बैठा है."