डब्यावरचा आकडा

पट्टीकाका नवा सबवूफर डब्यातून काढण्याआधी त्या डब्यावरचा आकडा झाकायचे. वायरिंगची काळी चिकटपट्टी घ्यायची, दातांनी तोडायची आणि ‘१२०० वॅट’ या टपोऱ्या अक्षरांवर आडवी लावायची. गिऱ्हाईक चिडायचं, "काका, उसी के तो पैसे दिए हैं!" काका म्हणायचे, "वो छापने वाले का नंबर है, भिया. स्पीकर का नंबर अंदर की पर्ची पे है." आतल्या कागदावर बारीक अक्षरांत खरं काय ते असायचं: स्पीकर तासन्‌तास पेलेल अशी ताकद, तीनशे वॅट. तेवढंच स्वच्छ देणारा अ‍ॅम्प्लिफायर ते शोधून काढायचे. या जोडी जमवण्याला त्यांचा शब्द होता ‘मॅचिंग’.

देवास गेटच्या बस स्टँडमागे त्यांचं गाड्यांत म्युझिक सिस्टिम बसवायचं दुकान होतं. घरात मराठी, दुकानात हिंदी आणि रागावले की दोन्ही. उज्जैनच्या आम्हा मराठी लोकांचं असंच असतं.

दुसरी सवय नेलपॉलिशची. अ‍ॅम्प बसवला की जुना काट्याचा मीटर लावून ते गेनचा स्क्रू केसाकेसाने फिरवायचे. काटा तीनशे वॅटच्या हिशेबाने चौतीस व्होल्टपाशी आला की थांबायचे आणि काकूंच्या लाल नेलपॉलिशचा एक थेंब त्या स्क्रूवर सोडायचे. "कुंकू लागलं. आता हात लावायचा नाही." लोकांना वाटतं, हा स्क्रू म्हणजे आवाज वाढवायचं बटण. काका सांगायचे, "अ‍ॅम्पला त्याच्या ताकदीपलीकडे ताणलं की आवाज फाटतो, बेटा. आणि फाटका आवाज स्पीकरची कॉइल जाळतो."

मी त्यांची गिऱ्हाईक नव्हते. मी त्यांच्या विरोधात होते. माझे बाबा हृदयाच्या ऑपरेशननंतर माधव नगरच्या घरी पडून होते आणि रोज संध्याकाळी एक काळी जीप आमच्या गल्लीतून असा दणका देत जायची की उशाशी ठेवलेल्या औषधांच्या बाटल्या एकमेकींवर वाजायच्या. बाबा छातीवर हात ठेवून डोळे मिटून घ्यायचे. जीपच्या मागच्या काचेवर काकांच्या दुकानाचं स्टिकर होतं. मला तेवढं पुरलं. आमच्या चौघांच्या शांतता समितीने हिंदीत पत्रक काढलं: ‘शोर का कारखाना’. खाली दुकानाचा पत्ता, आणि ‘बारह सौ वॅट के बम बेचने वाला’.

चौथ्या दिवशी काका पत्रक घेऊन घरी आले. मी भांडायला तयारच होते. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, बाराशे खोडून तीनशे लिहिलं आणि म्हणाले, "आवाज विकतो मी, ते खोटं नाही. पण माझ्याविरुद्ध लिहायचं तर बरोबर लिही." मग आत जाऊन बाबांची चौकशी केली, चहा घेतला आणि गेले. मला त्यांचा शांतपणा अपमानासारखा लागला.

आठवड्याभरात त्यांचा फोन. "ये, तुझा राक्षस आलाय दुकानात." गेले तर जीपचा मालक, प्लॉटचा दलाल, जळका सबवूफर काउंटरवर आपटत होता. "काका, कचरा माल दिया आपने!" काकांनी अ‍ॅम्प माझ्यासमोर धरला. लाल थेंब खरवडलेला होता आणि स्क्रू पार शेवटापर्यंत फिरवलेला.

"सील किसने तोड़ी?"

"अरे, थोड़ा सा घुमाया बस."

"थोड़ा सा? इसके आगे तो घूमता ही नहीं, भिया."

नवा सबवूफर बसवून द्यायला त्यांनी साफ नकार दिला. दलाल इंदूरला जायची धमकी देऊन निघून गेला. जळक्या कॉइलचा उग्र वास दुकानात भरून राहिला. काका माझ्याकडे बघत होते. मी नजर टाळली.

तोवर पत्रकाने आपलं काम केलं होतं. काकांचं स्टिकर दिसलं की पोलीस गाडी थांबवायचे. साधा टेप बसवून घेणारे स्टँडचे टॅक्सीवालेही येईनासे झाले. माफी मागावी असं मी समितीत म्हटलं, तर बाकीचे उसळले, "चळवळ माफी मागत नसते." मीही माघार घेतली. पुढच्या पत्रकाच्या तळाशी, कोपऱ्यात, दोन ओळींचा खुलासा छापला आणि मोठेपणा मिरवत काकांना नेऊन दिला.

त्यांनी दोन्ही पत्रकं शेजारी ठेवली आणि ड्रॉवरमधून मोजपट्टी काढून अक्षरं मोजली. "आरोप बोटभर, खुलासा मुंगीएवढा. मॅचिंग नाही, बेटा." आवाज चढला नाही. मग म्हणाले की दुकान महिनाअखेर बंद करतोय, भोपाळला मुलीकडे चाललोय. "बत्तीस साल झाली. नाव गेलं की कोण येतं?"

त्या दिवशी मी समितीशी भांडले. मग एकटीने नवं पत्रक छापलं: तेवढाच कागद, तेवढाच टाइप, तोच पत्ता. जीपचा आवाज स्क्रू फिरवणाऱ्याचा होता, काकांचा नव्हता, आणि मी न तपासता लिहिलं, असं सरळ. ज्या दुकानांत, ज्या टॅक्सी स्टँडवर पहिलं वाटलं होतं तिथे तिथे स्वतः जाऊन दिलं. काकांच्या दुकानाशी पोचले तेव्हा शटर खाली होतं. एक प्रत मी भोपाळला पोस्टाने पाठवली.

आवाजाविरुद्ध मी आजही लिहिते आणि कोणाला सोडत नाही. फक्त छापायला देण्याआधी प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून विचारते, हा डब्यावरचा की आतल्या कागदावरचा?

ती प्रत पाठवल्यावर पंधरा दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर काकांनी फोटो पाठवला होता. माझं पत्रक मुलीच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवलेलं. त्यात भरात येऊन मी लिहिलं होतं, ‘पूरे मालवा के सबसे ईमानदार कारीगर’. त्या ओळीवर दातांनी तोडलेली काळी पट्टी आडवी लावली होती. खाली लिहिलं होतं, "बाकी मॅचिंग बरोबर आहे."