जपानी गाण्याची कॅसेट

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आखातात, राई भागातल्या एका गॅरेजात मी गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करायचो. जपानहून कापून आलेल्या जुन्या गाड्यांचे भाग आमच्याकडे कंटेनरनं यायचे. एकदा असाच एक सीडी प्लेअर खोलला, तर आत तळहातात मावेल एवढीशी सीडी अडकलेली. खिशात घातली.

समुद्राकाठच्या महबूला वस्तीतल्या खोलीत आम्ही पाच जण, सगळे कोकणातले, सगळ्यांची बायकापोरं गावाला. पत्रापेक्षा कॅसेटीत बोलणं भरून धाडायची पद्धत होती. शुक्रवारी दुपारी ज्याची पाळी तो टेपरेकॉर्डर घेऊन स्वयंपाकघरात बसायचा आणि बाकीचे चौघे, गरज नसताना, समुद्रावर फिरायला जायचे. गावी निघालेल्याच्या बॅगेतून कॅसेट घरी पोचायची.

एरवी मी बोलघेवडा, पण त्या यंत्रापुढे माझी दातखीळ बसायची. मी बरा आहे, तुम्ही सांभाळून राहा, संपलं. मुलगी सहा महिन्यांची असताना निघालो होतो. तिनं निदान माझा आवाज ओळखावा, एवढंच मला हवं होतं, आणि नेमका आवाजच फुटत नव्हता. उरलेली टेप कोरी धाडायची लाज वाटायची. एका शुक्रवारी टेपरेकॉर्डरच्याच सीडीच्या कप्प्यात ती छोटी सीडी लावली. एक पुरुष गात होता, मागे पोरं साथ देत होती, ठेका धरावासा वाटत होता. एक अक्षर कळलं नाही, पण तेच गाणं पुन्हा पुन्हा भरून दोन्ही बाजू संपवल्या. पुढच्या प्रत्येक कॅसेटीत तेच केलं. आयतं मिळालं की मी कसला हात हलवतोय.

एकदा गाडी दुरुस्तीला घेऊन आलेला जपानी साहेब मी गॅरेजात लावलेलं ते गाणं ऐकून उठूनच उभा राहिला. "जपान, एव्हरी हाउस," म्हणाला. त्यांच्याकडे सगळ्यात जास्त खपलेल्या गाण्यांतलं ते एक होतं म्हणे. घरी दोन मुलं असल्याचं त्यानं हातानं उंची दाखवून सांगितलं.

साडेतीन वर्षांनी घरी गेलो. मुलगी आईच्या पदराआडून बाहेर येईना. चॉकलेटं झाली, बाहुली झाली. शेवटी मी ते गाणं गुणगुणलो. ती लगेच पुढं आली, पण कपाळाला आठ्या घालून.

"ह्यां माझ्या बाबांचां गाणां," ती म्हणाली. "तू म्हणा नको."

मी बायकोकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली.

"कॅसेट लावलंय की मी तिका सांगी, बाबा बोलतत, ऐक," ती म्हणाली. "तुमचां बोलणां दोन मिनिटांत संपा. तिका वाटता, गाणां म्हणतत तेच बाबा."

मुलीनं टेपरेकॉर्डर लावला आणि त्याला कान लावून बसली. मी दारातच उभा राहिलो.