दोन देशांची वेळ दाखवणारं घड्याळ

ती केस आठवली की आजही माझं डोकं फिरतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, तंबाखूच्या वखारींना लावलेल्या आगी पाहिल्या. त्या गुन्हेगारांचा राग कधीच ओसरला. या माणसाचा मात्र अजून ओसरत नाही, आणि त्याने तर कुणाच्या अंगाला बोटही लावलं नव्हतं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी निपाणीला फौजदार होतो. दिवाळी नुकतीच संपली होती. सणानंतर ठाण्यात तक्रारींची रांग लागते : जुगार, दारू, भाऊबंदकी, फटाक्याने पेटलेली गवताची गंज. त्या गर्दीत गावातले एक मोठे तंबाखू व्यापारी आले. त्यांचं नाव लिहीत नाही. सारं गाव त्यांना अण्णा म्हणायचं, मीही तेच म्हणतो. घरातून घड्याळ चोरीला गेलं, अशी त्यांची तक्रार होती.

अण्णांना घड्याळांचा नाद होता. माडीवरच्या एका खोलीत काचेचं कपाट होतं आणि त्यात मखमलीवर मांडलेली पंचवीस-तीस घड्याळं. गेलं होतं ते त्यांतलं सर्वांत भारी, स्वित्झर्लंडचं. अण्णांनी वर्णन सुरू केलं तेव्हा आमचा रायटर लिहायचं सोडून ऐकत बसला. काचेभोवती फिरणारं कडं, अर्धं लाल, अर्धं निळं, उन्हाने किंचित विटलेलं. त्या विटण्यातच खरी शोभा आहे, असं अण्णांचं म्हणणं. कड्यावर चोवीसपर्यंत आकडे आणि नेहमीच्या काट्यांखेरीज एक जादा काटा, दिवसातून एकदाच फेरा घेणारा. म्हणजे इकडची वेळ पाहायची आणि त्याच घड्याळात दुसऱ्या देशाचीही पाहायची. विमान चालवणाऱ्यांसाठी बनवलेली वस्तू. अण्णा स्वतः कोल्हापूरच्या पलीकडे फारसे गेले नव्हते. मी विचारलं, "मग दुसरा काटा कुठल्या वेळेवर?"

"स्वित्झर्लंडच्या," ते म्हणाले. "त्याचं म्हायेर हाय ते. म्हायेरची वेळ इसरू ने, म्हणून."

खोटं कशाला बोलू, मला हा माणूस तेव्हा आवडला होता.

घड्याळाचा नंबर त्यांनी तोंडपाठ सांगितला. मग रायटरने विचारलं, "संशय कुणावर?" अण्णांनी घरकाम करणाऱ्या बाईचं नाव घेतलं. "पूर्ण नाव?" रायटर म्हणाला. सोबत आलेल्या दिवाणजीकडे अण्णांनी पाहिलं. दिवाणजीलाही ठाऊक नव्हतं. ती बाई बारा-पंधरा वर्षं त्या घरात राबत होती आणि घरात तिला नुसतं आक्का म्हणत. शेवटी माणूस घरी पिटाळला, अण्णांच्या बायकोला, वहिनींना, विचारून आला, तेव्हा तक्रार पुरी झाली.

आक्का बुद्धविहाराच्या मागच्या वस्तीत राहायची. नवरा वखारीत हमाली करता करता वारलेला, थोरली मुलगी शिकलेली. त्या मुलीची खानापूरकडच्या एका शाळेत शिक्षिका म्हणून निवड झाली होती. वस्तीतली नोकरी लागलेली ती पहिली मुलगी. हजर होण्याची मुदत जवळ आली होती आणि चारित्र्य पडताळणीचा कागद, नेमका, माझ्याच टेबलावर होता. बाईवर गुन्ह्याचा संशय दाखल होताच चिकोडीहून सर्कलसाहेबांचा, म्हणजे माझ्या वरच्या इन्स्पेक्टरांचा, निरोप आला : तपास पुरा होईपर्यंत त्या घरातला कुठलाही कागद पुढे पाठवू नका.

झडती घ्यावीच लागली. दोन पंच घेऊन गेलो. एका खोलीचं घर. सगळी वस्ती दाराशी लोटली होती. आमच्या शिपायांनी डबे उघडले, जोंधळे सुपात ओतून पाहिले, अंथरुणं झटकली, मुलीच्या पुस्तकांची पानं उलटली. मुलगी कोपऱ्यात उभी राहून हे बघत होती. काही सापडलं नाही, तसा पंचनामा केला. पण वस्तीने काय पाहिलं? पोलीस आले, एवढंच पाहिलं.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नाही, असा कायदा आहे. म्हणून तिथंच तिचा जबाब घेतला.

"कपाट कोण पुसतं?"

"म्याच पुसतो की. भाईरनं. कुलपाची किल्ली अण्णांच्या कमरंला. आंगुळीलासुदिक ते काढत न्हाईत."

"घड्याळ शेवटचं कधी पाहिलंस?"

"जावईबापूंच्या दिवाळसणाच्या दिशी. पावन्यांस्नी दावाय काढलं हुतं." मग तिने आवाज खाली घेतला. "सायेब, मला काय करायचं ते करा. पोरीचा कागुद तुमच्याकडं हाय न्हवं? तेवढा धाडा. मागनं मला न्ह्या."

असं बोलणारी चोर नसते, असा नियम नाही. पोलिसाने अश्रूंवर जाऊ नये, हे मी शिकलो होतो. पण ती रडत नव्हतीच. ती सौदा करत होती, आणि स्वतःसाठी काहीच मागत नव्हती. मला ते खटकलं.

अण्णांचं वागणंही खटकत होतं. ज्याची वस्तू जाते तो माणूस ठाण्याच्या पायऱ्या झिजवतो. साधी सायकल गेलेला माणूससुद्धा रोज येऊन डोकं खातो. अण्णा रोज यायचे, पण तपास कुठवर आला हे विचारायला नव्हे. त्यांना तक्रारीची नक्कल हवी होती. दिली. ती कानडीत, कारण निपाणी कर्नाटकात, आमचं दप्तर कानडीत. "हे जावयाला वाचता यायचं न्हाय, इंग्लिशमधी करून द्या, शिक्का मारून." जावई बेळगावातल्या शहापूरच्या साडीवाल्यांचा मुलगा, इंग्लंडमध्ये डॉक्टर. घड्याळ सासऱ्याचं गेलं, त्याच्या चोरीचा दाखला जावयाला कशाला? हा प्रश्न माझ्या डोक्यात घोळत राहिला.

उत्तर चहाच्या हॉटेलात मिळालं. बेळगावकडच्या अनगोळचा एक आचारी होता, मोठ्या घरांतल्या पंगती करायचा, आम्हाला अधूनमधून खबर द्यायचा. तो बाकावर सरकून बसला आणि म्हणाला, "सायेब, त्या घरच्या दिवाळसणाचं जेवान म्याच केलतं. पंगतीत काय झालं ते ठावं हाय न्हवं?"

"काय झालं?"

"जावईबापू रुसले की."

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जावयाने पंगतीत रुसायचं, हा आपल्याकडचा रिवाज. ताट वाढलेलं असतं, जावई घासाला हात लावत नाही. सासरा विचारतो, काय पाहिजे? जावई मागतो, सासरा देतो, पंगत हसते आणि जेवायला लागते. बहुधा अंगठी, फार तर स्कूटर. या जावयाने ते लाल-निळं घड्याळ मागितलं. आचारी सांगत होता, "त्येचं म्हणणंबी बराबरच हुतं. म्हनला, मी तिकडं राहतो, तुमची लेक इकडची वेळ इचारत बसती, मला दोन्ही येळा एकाच घड्याळात दिसतील. सगळी वाहवा म्हनली. अण्णांनी हां म्हटलं. पर सायेब, तोंडावरचं रगात उतरलं बगा."

"मग दिलं?"

"जाताना देतो म्हनले. आन दुसऱ्या दिशी सकाळी चोरी."

मी चहा तसाच ठेवून उठलो. वाटेत माझ्या तळपायाची आग मस्तकाला जात होती. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. प्रतिष्ठित माणसाच्या घराची झडती घ्यायला सर्कलसाहेब हो म्हणणार नव्हते. गरिबाचे जोंधळे ओतायला कुणाची परवानगी लागली नव्हती. घड्याळ नेमकं कुठे आहे ते कळल्याशिवाय हात घालून चालणार नव्हतं.

सकाळी रायटर आणि तेच दोन पंच घेऊन मी अण्णांकडे गेलो. माडीवर, कपाटासमोरच बसलो. वहिनींनी पोहे पाठवले. मी शांतपणे म्हणालो, "अण्णा, घड्याळ सापडलं. शहापुरात एकाकडे. ओळख पटवायला चला." त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नाही, आश्चर्य नाही. मी पुढे म्हणालो, "एकच वाईट झालं. त्या गाढवाने ते मशीनवर घासून चकाचक केलंय. कडंही बदललं, नवं कोरं बसवलंय."

त्यांचा उजवा हात झटकन डाव्या दंडावर गेला. मूल पडलं की आईचा हात जातो तसा.

"ते माझं न्हवंच," ते म्हणाले.

"न बघता?"

हात दंडावरून निघाला नाही. चोरीचा माल लपवणारा तोंडाने हवं तितकं खोटं बोलतो, पण मालाला धक्का लागल्याचं ऐकलं की त्याची नजर नाहीतर हात तिकडे धावतो. मी पंचांना जवळ बोलावलं आणि म्हणालो, "अण्णा, शर्टाची बाही वर करा."

कोपराच्या वर, ताईत बांधावा तसं कातडी पट्ट्याने ते घड्याळ बांधलेलं होतं. चालू होतं. जादा काटा स्वित्झर्लंडवर. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी शाळेत शिकलो होतो, तिचा पंचनामा करायची वेळ पहिल्यांदाच आली.

"बंद पडलं असतं, सायेब," अण्णा पुटपुटले. "किल्लीचं न्हवं ते, आंगावर असलं तरच चालतंय."

"जावयाला सरळ नाही म्हणायचं होतं."

"भर पंगतीत? आब काय ऱ्हायली असती? आन त्येला काय कळतंय त्यातलं? त्येनं ते रोज घातलं असतं. दवाखान्यात, मोटारीत. ओरखडं पाडलं असतं."

"मग बाईचं नाव का दिलं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी पोरकट विचारलं आहे. "कुणाचं तरी द्याय पायजेच की. बिननावाची चोरी कोन खरी मानंल? तिला काय हुनार हुतं? चार दिस चौकशी, मग सोडलं असतं तुमी."

मी त्या माणसाला मारलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. कड्याचा रंग किती विटलाय हे ज्याला कळत होतं, त्याला घरातलं माणूस दिसत नव्हतं. पारखी नजर म्हणतात ती हीच असेल, तर ती फुटलेली बरी.

पुढे मिटवामिटवीची खटपट झाली. वस्तू मिळाली, चोरी नाहीच, मग कशाला वाढवता? सुंठीवाचून खोकला गेला, असंही एका वजनदार माणसाने मला सांगितलं. खोकला गेला होता खरा, पण सुंठ म्हणून उगाळली होती ती आक्का. मी खोट्या फिर्यादीबद्दल कोर्टात रिपोर्ट पाठवला. दंड झाला. घड्याळ गोव्याकडून आलेलं, जकातीची पावती नाही, त्यामुळे ते कस्टमवाल्यांकडे गेलं आणि परत आलं नाही. कोर्टाचा हुकूम होईपर्यंत ते आमच्या मुद्देमालाच्या पेटीत होतं. अण्णा एकदा मुद्दाम मला भेटायला आले. काय म्हणाले असतील? "दिसातनं एकदा पेटी हलवा, सायेब. तेवढी मेहरबानी करा." मी हवालदाराला सांगितलं, यांना बाहेरचा रस्ता दाखव.

पण त्या सगळ्यापेक्षा अण्णांच्या माडीवर पंचनामा झाला त्या दिवशीची दुपार माझ्या मनात जास्त रुतली आहे. मुलीचा कागद मी सही करून शिपायाच्या हाती बेळगावला पाठवला, तो मुदतीत पोचला. मग अण्णांना म्हणालो, "चला." त्याच पंचांसह, चालत, मी त्यांना वस्तीत नेलं. तसं करायचा मला अधिकार नव्हता. लोक पुन्हा दाराशी जमले. अण्णा उंबऱ्याबाहेर उभे राहिले, चप्पल न काढता, आणि उरकल्यासारखं म्हणाले, "घड्याळ गावलं. आक्काचा काय दोष न्हाय."

आक्का चुलीपाशी होती. हात पुसत दारात आली. मला वाटलं, पदर डोळ्याला लावील, हात जोडील. ती अण्णांकडे बघत म्हणाली, "आन गावलं नसतं तर?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, जणू उत्तर देण्याचं काम सरकारी होतं. मी पंचांकडे पाहिलं. तिने आत जाऊन भाकरी उलटली.

त्यानंतर जिथे जिथे माझी बदली झाली, तिथे फिर्यादीने संशयिताचं नाव घेतलं की मी आधी विचारायचो, हेच नाव का? बहुतेकांना सांगता यायचं नाही. नाव असतं ते जवळ राबणाऱ्याचं, उलटून न बोलणाऱ्याचं. निर्दोष असणं पुरेसं नसतं, वस्तू सापडावी लागते, आणि वस्तू सापडणं गरिबाच्या हातात नसतं. आक्काच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दुपारीही ठाऊक होतं. घड्याळ गावलं नसतं तर ती जन्मभर चोर राहिली असती, आणि तिची मुलगी चोराची मुलगी. त्यासाठी कुठल्या कोर्टाच्या निकालाची गरज पडली नसती.