पाहुण्यामागे पाहुणा

मुलगी ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगच्या पेपरात दुसऱ्यांदा नापास होऊन चंद्रपूरच्या होस्टेलवरून बॅगेसकट घरी आली, तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. पण हायस्कुलात वर्षानुवर्षं इतिहास-भूगोल शिकवलेल्या माणसाला गप्प बसणं जमत नाही. मी म्हणालो, पुस्तक आहे, डोळे शाबूत आहेत, वाचायचं, समजून घ्यायचं आणि लिहायचं. यात अवघड ते काय?

ती चिडली नाही. चिडली असती तर निभावलं असतं. तिनं बॅगेतून पुस्तक काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. मुखपृष्ठावर हातपाय फुटलेला एक हसरा कॉम्प्युटर होता आणि खाली लिहिलं होतं की हे अगदी नवशिक्यांसाठी आहे.

"बाबा, तुमी शिका यातून," ती म्हणाली. "आणि सोताच्या मनानं एक प्रोग्राम लिहा. पुस्तकातला नाई. तो चालला तर मी फॉर्म भरीन. नाई चालला तर बी.ए.ले नाव टाकीन, आणि मंग मले कोणी काई म्हणायचं नाई."

बायको सुपात तांदूळ निवडत होती. ती फक्त "घ्या आता" एवढंच म्हणाली.

फॉर्म म्हणजे राहिलेल्या पेपरचा फॉर्म. तो भरला नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर डिप्लोम्याची गेलेली दोन वर्षं पाण्यात. शेवटची तारीख होती आमच्या गावच्या मंडईच्या दुसऱ्या दिवशी. दिवाळी झाली की वडशाकडच्या आमच्या गावांमध्ये एकेक दिवस एकेका गावची मंडई असते. दुकानं लागतात, रात्री नाटक असतं आणि त्या दिवशी गावातलं एकही घर पाहुण्यांवाचून राहत नाही. माझ्याकडे मंडईपर्यंत तीन आठवडे होते. तीन आठवड्यांत मी नववीला दोन महायुद्धं शिकवून मोकळा होतो, तेव्हा मला काळजी वाटली नाही.

पहिल्या धड्यानं तर माझी छाती आणखी फुगली. त्यात लिहिलं होतं की कुत्रा हा प्राणी आहे, मांजर हाही प्राणी आहे, कुत्रा भुंकतो आणि मांजर म्याव करते. एवढ्यासाठी पोरगी दोनदा नापास झाली? मी ते बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, हे तर अंगणवाडीतही असते. मुलगी पलीकडच्या खोलीत होती.

दुसऱ्या धड्यात क्लास म्हणजे घराचा नकाशा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्यावरून बांधलेलं घर असं समजावलं होतं. इथे मी पहिल्यांदा अडखळलो. आमच्या गावात घर आधी उठतं. मिस्त्री येतो, दोरी टाकतो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून स्वयंपाकघराची बाजू ठरवतो आणि भिंती चढू लागतात. नकाशा लागलाच तर ग्रामपंचायतीत द्यायला नंतर काढतात. माझ्या स्वतःच्या घराचा नकाशा घर झाल्यावर दोन वर्षांनी निघाला आणि त्यात असलेली एक खिडकी घरात नाही. तेव्हा आधी नकाशा आणि मग घर ही गोष्ट मला बुद्धीला पटली, पण मनात उतरली नाही.

प्रायव्हेटचं तर विचारूच नका. ऑब्जेक्टच्या आतली माहिती झाकून ठेवावी आणि बाहेरच्यानं ती रीतसर मागितल्याशिवाय देऊ नये, असं पुस्तकाचं म्हणणं. मी ओसरीवर बसून हे वाचत होतो, तेवढ्यात शेजारची वहिनी आली, सरळ स्वयंपाकघरात गेली, वरणाच्या गंजावरचं झाकण उचलून त्यात मीठ कमी असल्याचं सांगितलं आणि निघून गेली. मी त्या पानाची घडी घालून पुढे गेलो.

हळूहळू माझा तोरा उतरू लागला. लॅपटॉपवर चार ओळी लिहिल्या की त्यातल्या तीन लाल व्हायच्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायचा असतो. पूर्णविराम विसरला म्हणून ज्यानं पोरांचे अर्धे अर्धे गुण कापले, त्या माणसाचे चार दिवस अर्धविराम शोधण्यात गेले. शाळेत मधल्या सुट्टीत मी पुस्तक काढून बसलो, तर विज्ञानाच्या सरांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली.

मुलीनं मदत करायची नाही असं ठरलं होतं. ती नुसती माझ्या पाठीमागून जायची, स्क्रीनकडे बघायची, नाकातून श्वास सोडायची आणि पुढे व्हायची. एकदा मी वळून पाहिलं तर ती बोटानं हवेतल्या हवेत एक कंस पुरा करत होती. मी पाहिलं म्हटल्यावर तिनं त्याच बोटानं केस मागे घेतले.

मंडईला पाच दिवस उरले तेव्हा माझ्या डोक्यात प्रोग्राम तयार झाला. पुस्तकात कुत्रा होता, गाडी होती, कर्मचारी होता. मी ठरवलं, आपला क्लास पाहुण्याचा. पाहुण्याला नाव असतं, गाव असतं, चहा साखरेचा की बिनसाखरेचा ते असतं. पाहुणा जेवतो, झोपतो, नाटकाला जातो. आणि पाहुण्याला कन्स्ट्रक्टर असतो. ऑब्जेक्ट जन्माला येताक्षणी जे जे व्हायला पाहिजे ते कन्स्ट्रक्टरमध्ये लिहायचं, असं पुस्तकात ठळक अक्षरांत दिलं होतं.

मी विचार केला. मंडईचा पाहुणा दारात दिसला की काय होतं? आपण म्हणतो, या, पाय धुवा. ते लिहिलं. मग पाणी देतो. तेही लिहिलं. आणि मग? मग त्याच्या मागून आणखी एक जण येतो. माझ्या उभ्या आयुष्यात मंडईला एकटा पाहुणा आलेला मी पाहिला नाही. त्याच्यासोबत त्याचा साडू असतो, साडूसोबत साडूचा दोस्त असतो, आणि दोस्ताला एकटं कसं यायचं म्हणून तोही कुणाला तरी गाडीवर बसवून आणतो. प्रोग्राम खरा व्हायचा तर हे त्यात आलंच पाहिजे. म्हणून कन्स्ट्रक्टरच्या शेवटच्या ओळीत मी लिहिलं, नवा पाहुणा तयार कर. एकही ओळ लाल झाली नाही. पुस्तक लिहिणाऱ्याला हे सुचलं नव्हतं, याचं मला वाईटही वाटलं थोडं.

तो प्रोग्राम मी मंडईच्या दिवशी दुपारी चालवायचं ठरवलं, सगळ्यांसमोर. मिरवायची हौस, दुसरं काय. तोवर माझा साळा चार जणांना घेऊन आला होता, बायकोच्या मावशीकडची मंडळी आली होती, अंगणात चपलांचा ढीग झाला होता. मी ओसरीवर लॅपटॉप मांडला. मुलगी खांबाला टेकून उभी राहिली. बायको हात पुसत आली. मी बटण दाबलं.

स्क्रीनवर उमटलं, या, पाय धुवा, पाणी घ्या. खाली पुन्हा, या, पाय धुवा, पाणी घ्या. मग आणखी एकदा. पाहुण्यांमध्ये समाधान पसरलं. ओळी धावू लागल्या, वाचता येईनाशा झाल्या, लॅपटॉपचा पंखा घरघरू लागला.

"भाऊजी, मोठी मंडई आहे तुमची," साळा म्हणाला.

तेवढ्यात सगळं थांबलं आणि खाली लाल अक्षरांचा ढीग पडला.

मी मुलीकडे पाहिलं. ती खांबाला धरून हळूहळू खाली बसली आणि हसत सुटली. निकाल लागल्यापासून ती घरात हसली नव्हती. डोळे पुसत ती माझ्याजवळ सरकली.

"बाबा, तुमचा एकही पाहुणा घरात आला नाई," ती म्हणाली. मग सगळ्यांना कळेल असं तिनं सांगितलं. पहिला पाहुणा दारात थांबला आहे, कारण दुसरा आल्याशिवाय त्याचं येणं पुरं होत नाही. दुसरा तिसऱ्यासाठी थांबला आहे, तिसरा चौथ्यासाठी. सगळे उंबरठ्यावर एकावर एक उभे आहेत आणि शेवटी जागाच संपली.

मी विचारलं, मग करायचं काय? ती म्हणाली, थांबायचं कुठे ते सांगावं लागतं. दारातच विचारायचं की सोबत किती जण आहेत.

अंगणातलं वातावरण एकदम बदललं.

"मंडईच्या पाहुण्याले असं इचारत असतात का?" बायको म्हणाली.

साळ्यानं चपलांच्या ढिगाकडे पाहिलं. त्याला कुणी असं विचारलं तर तो आल्या पावली वापस जाईल, असं त्यानं शांतपणे सांगितलं. मावशीकडच्या मंडळींनी माना डोलावल्या. मला मुलीची बाजू घ्यायची होती, पण खरं सांगायचं तर मलाही ते विचारवलं नसतं.

आता बिनसलं असं मला वाटलं. पण मुलगी आईकडे बघत होती.

"आई, आज भात किती जणांचा टाकला तू?"

"पंधरा जणांचा."

"पंधरा येतीन हे कोणं सांगतलं तुले?"

"कोण सांगते? दरसाल पाहून राह्यली ना मी."

"म्हणजे पाहुण्याले नाई इचारलं. तू ठरवलं."

मग ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली की पाहुण्याला पाहुणा आणायला लावला, हीच चूक आहे. ते पाहुण्याचं कामच नाही. ते घराचं काम आहे. घराचा वेगळा क्लास पाहिजे, किती जण घ्यायचे ते त्याला ठाऊक पाहिजे, आणि पाहुण्यानं फक्त यावं आणि बसावं. एवढं बोलून ती थांबली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसणं नव्हतं.

"पेपरात हेच होतं," ती म्हणाली. "कोणतं काम कोणत्या क्लासचं. मी कन्स्ट्रक्टरची व्याख्या आणि प्रकार लिहून आली दोन पानं."

तिनं लॅपटॉप ओढून घेतला, माझी लाडकी शेवटची ओळ खोडली आणि लिहू लागली. पाहुण्यांची नावं टाकायला म्हणून तिनं अंगणात एकेकाला विचारलं, तेव्हा पांढऱ्या शर्टातला एक जण कुणाचाच निघेना. साळ्याला तो आमच्या गावचा वाटला होता आणि आम्हाला साळ्यासोबतचा. त्याला जायचं होतं शेजारच्या घरी. चुकून आमच्या फाटकातून आत आला, आम्ही लगेच पाय धुवायला पाणी दिलं, मग चहा दिला, आणि मग त्याला सांगायची लाज वाटली. मुलगी म्हणाली, ज्या ऑब्जेक्टचा धागा कुणाच्याच हातात नसतो त्याला कॉम्प्युटर आपोआप काढून टाकतो. जेवल्याबिगर या घरातून कोणालेच काढायचं नाई, असं तिच्या आईनं बजावलं आणि त्याच्यासाठी पान वाढलं.

तिचा प्रोग्राम पहिल्या झटक्यात चालला. पंधरा पाहुणे आले, पाय धुतले, पाणी प्याले आणि बसले. मी म्हणालो, चालला ना.

"तुमचा नाई चालला बाबा. मी चालवला. अट तुमी हरले."

साळा माझ्या बाजूनं बोलायला उठला, पण मी त्याला बसवलं. ती खरंच बोलत होती. त्यानंतर दिवसभर तिनं फॉर्मचं नाव काढलं नाही आणि मला विचारायची हिंमत झाली नाही. जेवताना मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा भात मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर ती साळ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून निघून गेली होती. कुठे ते बायकोला ठाऊक नव्हतं, की ठाऊक असून सांगत नव्हती. दुपारी फोन आला. ती वडशाला कॉम्प्युटर सेंटरवर होती. सर्व्हर बंद आहे, समोर मोठी रांग आहे, पाच वाजेपर्यंत काही खरं नाही, असं म्हणाली.

मी विचारलं, "भरशील ना पण?"

"भरूनच येईन. अटीसाठी नाई भरून राह्यली, हे ध्यानात ठेवा. तो पेपर काय इचारते ते आता कळलं मले, म्हणून."

मी बरं म्हणालो. फोन ठेवतो तोच तिला सोडून परतलेल्या साळ्यानं विचारलं की भाऊजी, मग शेवटी जिंकलं कोण. मी हरलो असं मी त्याला सांगितलं, आणि बायकोला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं.