खड्याचा कौल

आईची एक किडनी केव्हाच आकसून गेली होती. उरलेल्या एकुलत्या एक किडनीत खडा आहे असं सोनोग्राफीत दिसलं.

डॉक्टर माझ्याशी बोलत होते, आई पडद्यामागे लुगडं नीट करत होती. ते म्हणाले, "शॉक वेव्हने खडा बाहेरूनच फुटतो, कापाकापी नाही. पण तुकडे लघवीतून पडायला हवेत. एखादा वाटेत अडकला तर लघवी बंद, आणि सांभाळून घ्यायला यांना दुसरी किडनी नाही. ऑपरेशनमध्ये पाठीला छोटं भोक पाडून, दुर्बिणीने खडा फोडून तिथल्या तिथे बाहेर काढतो. त्यात रक्तस्रावाची भीती असते."

त्यांचा कल ऑपरेशनकडे होता. मला शॉक बरा वाटत होता, कारण सुरी म्हटली की मला घाम फुटतो.

"आणि किडनीच गेली तर?"

"डायलिसिस. नाहीतर घरातल्या कुणाची तरी किडनी."

"माझी घ्या," मी म्हणून गेले.

घरी येताना रिक्षात आई म्हणाली, "देवाक इचारूक व्हया."

माझं डोकंच फिरलं. "देव सोनोग्राफी वाचता काय?" मी ओरडले. ती कुशीवर हात दाबून बाहेर बघू लागली. आमचं गाव, आरोंदा, आलं तरी तिने तो हात काढला नाही.

सकाळी देवळात गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ऑपरेशनाक यश देतलंस तर उजवो कौल दी!"

"होय म्हाराजा!" जमलेले सगळे म्हणाले. मी नेहमीप्रमाणे तोंड मिटून उभी. उजवी पाकळी पडली आणि, खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.

"थांबा," आई म्हणाली. "आता माका इचारूचा आसा." तिने हात जोडले. "देवा म्हाराजा, माजी किडनी गेली तर जाऊ दे. पण माज्या चेडवाची घेवची येळ हाडू नको. मान्य आसा तर उजवो कौल दी."

चेडू म्हणजे तिची मुलगी, मी. पडद्यामागून तिने सगळं ऐकलं होतं.

गुरवाने पाकळ्या पुन्हा लावल्या, पण एकही पडेना. वेदनेने आई वाकली, तरी बसायला तयार नाही. मग डावी पाकळी सुटली आणि खाली आली.

आईचा चेहरा पांढराफटक पडला. आयुष्यात कधी देवळात तोंड न उघडणारी मी मोठ्याने म्हणाले, "होय म्हाराजा!"

ऑपरेशनला आत नेताना आईने माझं मनगट धरलं. "ता होय म्हाराजा मागे घे गो."

मी तिचा हात सोडवून चादरीखाली ठेवला.

खडा निघाला, आईची किडनी वाचली. पुढे कधी वेळ आलीच तर किडनी माझी, हे माझं 'होय' मात्र मी अजून मागे घेतलेलं नाही.